ऑपरेशन स्तनाचं, ठराव गटाचा

आजचा विषय ऐकून रेडिओचा आवाज कमी करावासा वाटेल. घरात सासरे, दीर बसले असतील तर खुशाल कमी करा, पण बंद करू नका. आज आम्ही स्तनाच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहोत. गाठीच्या नव्हे, स्तनाचा आकार वाढवायच्या ऑपरेशनबद्दल. छाती म्हणून भागत नाही, छाती पुरुषालाही असते. म्हणून आम्ही स्तन हाच शब्द वापरू.

गोष्ट आमच्या गटातली आहे. जिची आहे तिनं सांगितलं, नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा. आपण तिला धाकटी म्हणू, कारण गटात वयानं ती सगळ्यात लहान, चोवीस वर्षांची. शिवणकाम करते. अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्या मशीनवरून जातात.

संक्रांतीनंतरच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि धाकटीनं कर्ज मागितलं. कशासाठी, तर म्हणाली ऑपरेशन. कसलं, तर गप्प. दोनदा विचारल्यावर खाली मान घालून तिनं सांगितलं. आणि आम्ही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. एक जण म्हणाली, "गटाचा पैसा शेळीला, मशीनला, पोरांच्या फीला. आता छातीला पण?" धाकटी उठून गेली. तिच्या मागून तिची आई गेली. आईही गटातच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिनं दार लावून घेतलं आणि अंगावरचा ब्लाउज काढून आमच्या हातात दिला. आत एका बाजूला कापसाची गादी शिवलेली होती, एकाच बाजूला. तिचा उजवा स्तन वयात येताना वाढला, डावा वाढलाच नाही. दहा वर्षं ती मशीनवर बसताना, पाणी भरताना, झोपताना ओढणी सोडत नव्हती आणि आम्हाला वाटायचं, पोरगी फार सोज्वळ. दुसऱ्यांच्या ब्लाउजची मापं घेणाऱ्या पोरीनं स्वतःचं माप कधी कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

त्याआधी तिनं गुपचूप काय काय केलं होतं, तेही त्या दिवशी कळलं. तालुक्याच्या गावातून स्तन वाढवायचं तेल आणि गोळ्या आणल्या होत्या, सहा हजारांच्या. नंतर एका पार्लरवालीनं इंजेक्शन सुचवलं होतं. नशीब, तेवढे पैसे जमले नाहीत. मैत्रिणींनो, तेलानं, मलमानं, पंपानं स्तन वाढत नाही. मालिश केली तर कातडी मऊ होईल, एवढंच. आणि स्तनात सिलिकॉनचं पातळ औषध टोचून घेणं हा तर जिवाशी खेळ आहे. ते अंगात कुठंही सरकतं, गाठी होतात आणि नंतर धड काढताही येत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं, कर्जाचं मागाहून पाहू, आधी नीट माहिती घेऊ. गेल्या वर्षी एका पोराच्या वाकड्या दातांना तार बसवायला आपण कर्ज दिलं, तेव्हा कुणी हसलं नव्हतं, हे एका वयस्क ताईंनीच सगळ्यांना सुनावलं. मग धाकटी, तिची आई आणि आम्ही दोघी अशा चौघी शहरात गेलो. आधी एका खाजगी दवाखान्यात. तिथं दीड लाखाच्या आसपास खर्च सांगितला आणि एक रंगीत पुस्तिका दिली. पुस्तिकेतल्या सगळ्या बाया हसत होत्या. मग मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचा विभाग असतो, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. आम्हाला वाटायचं, तो विभाग नट्यांसाठी. बाकावर पाहिलं तर भाजलेल्या बाया, ओठ फाटलेली लेकरं, मळणी यंत्रात हात गेलेला एक शेतकरी.

धाकटीची आई तिथं हळूच म्हणाली, "प्लास्टिक घालतात का गं अंगात?" तसं नाही. प्लास्टिक म्हणजे घडवणं, आकार देणं. मूळ शब्द ग्रीक भाषेतला आहे. आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडच्या ऑपरेशनची हकिकत छापून आली होती. इंग्रजांच्या फौजेतल्या एका गाडीवानाचं नाक शत्रूनं कापलं होतं आणि वीट भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक करून दिलं होतं. ते वाचून विलायतेतले डॉक्टर शिकले.

डॉक्टर मॅडमनी आधी धाकटीला दोन्ही हात कमरेवर दाबून उभं राहायला सांगितलं. स्तनाखालचा छातीचा स्नायू आहे की नाही, ते त्यावरून कळतं. काही जणींना जन्मतःच तो स्नायू नसतो आणि मग ऑपरेशन मोठं होतं, पाठीचा स्नायू पुढं आणावा लागतो. धाकटीचा स्नायू ठीक होता. मग मॅडमनी आईला आणि आम्हाला बाहेर काढलं. आम्हाला जरा राग आला. नंतर धाकटीनं सांगितलं, मॅडमनी एकच गोष्ट तीन प्रकारांनी विचारली, हे तुला कोणी करायला सांगितलंय? आई? होणारा नवरा? स्थळ मोडलंय का? धाकटी म्हणाली, स्थळाचं मला माहीत नाही, मला ओढणीशिवाय मशीनवर बसायचंय.

तो प्रश्न का विचारतात, ते आम्हाला मागाहून उमगलं. सिलिकॉनची पिशवी बाईच्या स्तनात पहिल्यांदा बसवली ती १९६२ साली, अमेरिकेत ह्यूस्टनला. ती बाई कारखान्यात काम करणारी, सहा लेकरांची आई. ती गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. हे ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलं. तिला खरं तर स्वतःचे कान नीट करून हवे होते, म्हणून तेही करून द्यायचं ठरलं आणि ती तयार झाली. म्हणजे या ऑपरेशनची सुरुवातच दुसऱ्याच्या इच्छेनं झाली. नवऱ्याला आवडेल, सासरचे नावं ठेवणार नाहीत, एवढ्यासाठी कुणी टेबलावर झोपत असेल तर थांबावं, असं आमचं स्पष्ट मत झालंय. आणि अठराच्या आतल्या मुलीनं तर नकोच, तेव्हा वाढ चालू असते. अमेरिकेत नुसता आकार वाढवण्यासाठी सिलिकॉनची पिशवी बसवायला बावीस वर्षं पुरी लागतात.

मॅडमनी पिशवी आमच्या हातात दिली. इम्प्लांट म्हणतात तिला. वरून सिलिकॉनचं जाड आवरण, आत सिलिकॉनचं घट्ट जेल, खरवसासारखं थरथरणारं. मीठपाण्याचीही पिशवी मिळते. ती फुटली तर काही दिवसांत स्तन बसतो आणि कळून येतं, पाणी अंगात जिरून जातं. सिलिकॉनची फुटली तर कधी कधी काहीच कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहावं लागतं. हा खर्च कुठल्याच पुस्तिकेत नव्हता.

मापाचं धाकटीला आमच्याआधी समजलं. मॅडमनी छातीची रुंदी मोजली, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, एवढंच बसेल. आई म्हणत होती, जरा मोठंच बसवा, पुन्हा पुन्हा खर्च नको. धाकटी म्हणाली, "आई, कापड जेवढं आहे तेवढाच ब्लाउज होतो." कातडी ताणून फार मोठी पिशवी कोंबली तर ती पुढं लोंबते, कडा हाताला लागतात, त्रास वाढतो.

पिशवी स्तनाखाली किंवा त्याच्याही खाली, स्नायूच्या मागं ठेवतात. चिरा बहुतेक वेळा स्तनाच्या खालच्या घडीत घेतात, चार-पाच सेंटिमीटरचा. कधी बोंडाच्या काळ्या भागाच्या कडेनं, कधी काखेतून. ज्यांना पुढं बाळाला पाजायचंय त्यांनी हे आधी बोलून घ्यावं. बहुतेक जणी ऑपरेशननंतरही पाजू शकतात, पण काहींना दूध कमी येतं, आणि चिरा बोंडाजवळ असेल तर ही शक्यता वाढते. धाकटीचा चिरा खालच्या घडीत घ्यायचं ठरलं. तिला हेही सांगितलं की बाळंतपणानं आणि वयानं उजवा स्तन उतरेल, डावा तसा उतरणार नाही. आज जुळलेलं जन्मभर जुळून राहील असं नाही.

कॅन्सर होतो का, हे आम्ही विचारलंच. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर या पिशवीनं वाढतो असं दिसलेलं नाही. मात्र पिशवीभोवती होणारा एक वेगळा, फार दुर्मीळ कॅन्सर आहे आणि तो बहुतेक खरबरीत आवरणाच्या पिशव्यांशी जोडलेला आढळलाय. त्यापायी अॅलर्गन कंपनीनं २०१९ साली तसल्या पिशव्या जगभरातून माघारी बोलावल्या. बऱ्याच वर्षांनी स्तन अचानक सुजला तर तपासायलाच हवं. फ्रान्समध्ये तर पीआयपी नावाच्या कंपनीनं औषधाच्या दर्जाचं नसलेलं, कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरून हजारो बायांना पिशव्या विकल्या. २०१० साली ते उघडकीला आलं, पुढं मालकाला तुरुंगाची शिक्षा झाली. म्हणून पिशवीचं कार्ड मागून घ्यायचं. त्यावर कंपनीचं नाव, नंबर आणि माप असतं. धाकटीनं ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. पुढं कधी मॅमोग्राफी करायची वेळ आली तर मशीनवाल्या ताईला आधी सांगायचं, म्हणजे फोटो वेगळ्या पद्धतीनं घेता येतात. आणि पिशवी बसवली म्हणून स्तन चाचपून पाहणं सुटत नाही.

एवढं ऐकून आम्ही परत आलो. खरी अडचण पुढंच होती. मॅडमनी धाकटीचे दात पाहून विचारलं होतं, मिशेरी लावतेस? तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात, टाके भरत नाहीत, कातडी मरू शकते, जखम पिकू शकते. म्हणून निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही चार आठवडे बंद. धाकटी हो म्हणाली. शिमग्याच्या सुमाराची तारीख मिळाली. दाखल व्हायला गेलो आणि तिथं तिनं खरं सांगून टाकलं, बंद झाली नाही, सकाळची एकदा लागतेच. मॅडमनी तारीखच रद्द केली. एसटीनं येताना चौघीही एकमेकींशी बोललो नाही. आम्ही तिला काय बोलणार? मिशेरीची डबी आमच्यातल्या एकीच्याही कंबरेला होती. ती तिनं पुलावरून खिडकीबाहेर फेकली. नंतर आठवड्यानं नवी घेतली, ते सोडा. धाकटीची मात्र सुटली.

कर्जाचा ठराव त्या मधल्या काळात झाला. सरकारी रुग्णालयात ऑपरेशनचा खर्च नाममात्र होता, पण पिशवी स्वतः विकत आणायची होती. पिशवी, औषधं, आधाराची ब्रा, जाणं-येणं मिळून चाळीस हजार. त्याआधी एकीनं सांगितलं होतं की तमिळनाडूत चेन्नईच्या स्टॅनले सरकारी रुग्णालयानं २०१८ मध्ये गरीब बायांना असं ऑपरेशन फुकट द्यायला सुरुवात केली. तेव्हा बरीच टीकाही झाली होती की सरकारी पैसा याला कशाला. आमच्या गटात नेमकं तेच भांडण झालं. दोघींचा विरोध शेवटपर्यंत राहिला आणि तसा तो वहीत लिहिला आहे. त्यांचं म्हणणंही अगदी फेकून देण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, आजारपणाला कर्ज देतो कारण ते एकदा देऊन माणूस बरा होतो. हे पुन्हा करावं लागणार, तेव्हा ही कुठून फेडणार?

कारण ही पिशवी जन्माची नसते. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे धरून ठेवा. अमेरिकेतली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था सांगते की आकार वाढवायला पिशव्या बसवलेल्या शंभर बायांपैकी वीसेक जणींना आठ ते दहा वर्षांत त्या काढाव्या लागतात. कुणाची फुटते, कुणाची सरकते. सगळ्यात जास्त त्रास होतो तो भोवतीच्या पापुद्र्याचा. पायात बाभळीचा काटा राहिला की शरीर त्याच्याभोवती कातडीचा कप्पा करतं ना, तसाच या पिशवीभोवतीही करतं. सगळ्यांनाच होतो, मऊ राहिला तर काही बिघडत नाही. पण काहींचा तो आवळत जातो, स्तन दगडासारखा कडक होतो, दुखतो, वेडावाकडा दिसतो. मग पुन्हा ऑपरेशन. चोविसाव्या वर्षी बसवली तर पुढच्या आयुष्यात आणखी दोन-तीनदा टेबलावर जायची तयारी ठेवायची. आणि काढून टाकायची ठरवली तर स्तन पहिल्यासारखा होत नाही, कातडी सैल पडलेली असते. नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही.

म्हणून ठरावात आम्ही एक अट घातली. कर्जाचे वीस हप्ते तर आहेतच, वर पोस्टात तिच्या नावानं आरडी काढायची, महिना तीनशे. ती फक्त याच कामाला. विरोध करणाऱ्या दोघींपैकी एकीनंच ही अट सुचवली.

ऑपरेशन वैशाखात झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी, पूर्ण भूल, आत-बाहेर मिळून दीड-दोन तास. दोन्ही बाजूंचं असतं तरी फार वेळ लागत नाही. पुष्कळ जणी त्याच दिवशी घरी जातात. आमचं गाव लांब म्हणून तिला दोन रात्री ठेवून घेतलं. शुद्धीवर आल्यावर ती हुडहुडत होती. पहिलं वाक्य बोलली ते असं, "छातीवर जातं ठेवलंय." ते जातं तीन-चार दिवस राहिलं. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, थांबत नाही.

तिला उठवताना काखेत हात घालायचा नाही, पाठीला आधार द्यायचा. झोपायचं उताणं, पाठीमागं उशा रचून. वेणी आम्ही घालायचो, कारण हात खांद्याच्या वर जात नव्हता. उन्हाळ्यात ती घट्ट ब्रा दिवस-रात्र अंगावर, घामानं जीव जायचा. चौथ्या दिवशी ती कारण नसताना रडायला लागली, जेवेना. आम्ही घाबरून दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, भूल, दुखणं आणि अंगावरची सूज यांनी असं पुष्कळांना होतं, दोन-चार दिवसांत ओसरेल. ओसरलं. पण आधी माहीत असतं तर तिची आई रात्रभर दृष्ट काढत बसली नसती.

घाबरायचं कशाला, तर एक बाजू अचानक टम्म फुगली, ताणून दुखायला लागली, तर रक्त साठलं असं समजून तासाभरात निघायचं. ताप, लाली, टाक्यांतून पू, तरीही तेच. जखम पिकली तर पिशवी काढून टाकावी लागते आणि पुढचे काही महिने नवी बसवता येत नाही. दम लागला, पोटरी सुजली, तरी सकाळची वाट बघायची नाही.

नवा स्तन सुरुवातीला वर चढलेला, कडक आणि चकाकता दिसतो. धाकटी आरशात बघून म्हणाली, हा तर दुसऱ्या कुणाचा. बोंड बधिर होतं, मध्येच वीज चमकल्यासारखी कळ यायची. बहुतेकांना संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींना पूर्ण येत नाही. सूज उतरून तो जागेवर बसायला तीन महिने लागले. वण अजून लालसर आहे. वर्षभरात फिका पडेल, पण जाणार नाही.

सहा आठवडे हंडा नाही, हापसा नाही, धुणं नाही, भाऱ्याचं तर नावच नको. पायमशीनवर तिसऱ्या आठवड्यात बसायची परवानगी मिळाली, तीही थोडा वेळ. पेरणीला ती गेली नाही, तेव्हा शेजारच्या बायका बोलल्याच, कसलं एवढं दुखणं. ज्यांना हे ऑपरेशन करायचंय त्यांनी पैशाआधी पाणी कोण भरणार ते ठरवावं. आमच्यात पाळ्या लावल्या होत्या. पाळीच्या यादीत विरोध करणाऱ्या दोघीही होत्या. एक आली, एक आली नाही.

कुठल्याही डॉक्टरकडं जाल तर एवढं विचाराच की तुम्ही प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण घेतलंय का, एम.सीएच. किंवा त्या विषयातलं डी.एन.बी. आहे का, भूल देणारे डॉक्टर वेगळे आहेत का, आणि काही बिघडलं तर पुन्हा ऑपरेशनचा खर्च कुणाचा. नुसतं "कॉस्मेटिक" अशी पाटी असणं म्हणजे शिक्षण नव्हे.

धाकटीला अजून स्थळं येतायत. मुलाकडच्यांना सांगायचं की नाही यावरून गटात दोन तट आहेत. ती म्हणते, मुलाला सांगेन, त्याच्या आईला नाही. ते तिचं ती बघेल. मागच्या बैठकीत तिनं पाचवा हप्ता भरला, आरडीचं पासबुक सगळ्यांसमोर ठेवलं आणि सही करायला वाकली. ओढणी घरीच राहिली होती. कुणी काही बोललं नाही. नंतर एका ताईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, त्यांच्या बहिणीचा कॅन्सरमध्ये स्तन काढलाय, तिला असं काही करता येतं का. येतं. पुढच्या वेळी आम्ही त्या बहिणीला घेऊन त्याच विभागात जाणार आहोत. तारीख मिळाली की इथं सांगू.